वाचकांचे प्रश्न : सेफ क्लस्टरवर छोटे राइट्स रखडतात तेव्हा

तीन-चार सर्व्हरच्या डिस्क एकत्र बांधून त्यांचा एकच साठा करणारं ‘सेफ’ (Ceph) हे मुक्त सॉफ्टवेअर, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सबरोबर आता लहान ऑफिसांतही पोचलं आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे: मोठ्या फाइली धावतात, पण 4 केबीचे राइट्स, म्हणजे डिस्कवर थोडं-थोडं लिहिणं, मुंगीच्या पावलांनी चालतात. निवडक प्रश्न आणि उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे तीन नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर आहे. प्रत्येक नोडमध्ये 1 टीबीच्या चार साध्या सॅटा एसएसडी, 10 गिगाबिटचं नेटवर्क, तीन रेप्लिका (डेटाच्या तीन प्रती). व्हिडिओची फाइल सेकंदाला 400 एमबीच्या वर जाते, पण डेटाबेसमध्ये नोंदी भरायला तासन् तास लागतात. 4 केबीच्या चाचणीत जेमतेम 150 आयऑप्स (सेकंदाला इतके राइट्स) मिळतात. नेटवर्क 25 गिगाबिटचं करावं का? (वाचक, नाशिक)

नेटवर्कला अजून हात लावू नका. आधी आकड्याचा अर्थ पाहू. एकामागून एक असे सेकंदाला 150 राइट्स, म्हणजे एका राइटला साधारण 6.7 मिलिसेकंद. 150 गुणिले 4 केबी म्हणजे सेकंदाला 600 केबी. तुमची वायर सेकंदाला सव्वा जीबी नेऊ शकते, म्हणजे ती जवळजवळ रिकामीच आहे. इथे कमी पडतोय तो रुंदपणा नाही, प्रत्येक राइटला वाट पाहावी लागतेय.

ही वाट कुठे पाहिली जाते? व्हीएमकडून राइट निघाला की तो प्रायमरी ओएसडीकडे जातो. (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम.) प्रायमरी तो स्वतःच्या डिस्कवर लिहायला घेतो आणि त्याच वेळी उरलेल्या दोन रेप्लिकांकडेही पाठवतो. तिन्ही डिस्कवर राइट पक्का झाला, वीज गेली तरी राहील असा झाला, की मगच व्हीएमला ‘झालं’ असा निरोप जातो. म्हणजे वेळ लागतो तो तिघांतल्या सगळ्यात मंद डिस्कचा. 10 गिगाबिटवर एक फेरी 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास असते आणि अशा दोन फेऱ्या होतात. ओएसडीच्या प्रोसेसला सीपीयूवर अर्धा-एक मिलिसेकंद लागेल. उरलेले पाचेक मिलिसेकंद तुमच्या एसएसडी घेत आहेत.

साधी एसएसडी आलेला डेटा आधी तात्पुरत्या मेमरीत ठेवते. सेफ मात्र प्रत्येक राइटनंतर तिला फ्लश करायला सांगतं, म्हणजे ‘खरोखर फ्लॅशमध्ये उतरव आणि मग बोल’. फ्लॅशमध्ये उतरवायचं तर पान प्रोग्रॅम करायचं, पत्त्यांचा तक्ताही जपायचा, आणि हे सगळं 4 केबीसाठी. सर्व्हरसाठी बनलेल्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी मेमरीतला डेटा फ्लॅशमध्ये उतरवण्याइतका चार्ज त्यांच्यात असतो. त्यामुळे ती डिस्क फ्लशला लगेच ‘झालं’ म्हणू शकते, आणि ते खरंही असतं. यालाच पॉवर लॉस प्रोटेक्शन, थोडक्यात पीएलपी म्हणतात. खोक्यावर छापलेले हजारो आयऑप्स रांगेत 32 मागण्या ठेवून आणि फ्लश न मागता मोजलेले असतात. सेफच्या वापराशी त्यांचा संबंध नाही.

खात्री करायची असेल तर त्याच मॉडेलची एक सुटी डिस्क घ्या आणि थेट तिच्यावर फिओ हा डिस्क मोजणारा प्रोग्रॅम चालवा: ब्लॉक साइज 4 के, आयोडेप्थ 1, नमजॉब्स 1, डायरेक्ट 1, एफसिंक 1 (प्रत्येक राइटनंतर फ्लश), वेळ 60 सेकंद. एफसिंक विसरलात तर मोजमाप डिस्कच्या कॅशचं होईल आणि आकडा फसवा येईल. या चाचणीत साधी एसएसडी बहुधा काही शेकड्यांवर अडकते, पीएलपी असलेली हजारोंमध्ये जाते. ही चाचणी डिस्कवरचा सगळा डेटा पुसते, तेव्हा चालू ओएसडीच्या डिस्कवर ती कधीही करू नका.

सुटी डिस्क नसेल तर एक ओएसडी आधी ‘आउट’ करा, सगळे पीजी (सेफने पाडलेले डेटाचे गट) ‘ॲक्टिव्ह प्लस क्लीन’ होईपर्यंत थांबा, ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ विचारून होकार घ्या आणि मगच ती डिस्क काढा. इथे एक हिशेब आधी करायचा. तीन नोड आणि तीन रेप्लिका असल्यामुळे काढलेल्या डिस्कचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर जातो. आज डिस्क 60 टक्के भरल्या असतील तर त्या 80 टक्क्यांवर जातील. 65 टक्के असतील तर जवळपास 87. नियरफुलचा, म्हणजे डिस्क भरत आल्याचा, इशारा 85 टक्क्यांना लागतो.

डिस्क बदलताना बहुतेकांचा हमखास गोंधळ होतो तो असा: पैसे वाचवायला आधी एकाच नोडच्या डिस्क बदलतात, फरक दिसत नाही आणि निष्कर्ष निघतो की पीएलपीत काही अर्थ नाही. तुमच्याकडे प्रत्येक राइट तिन्ही नोडवर जातो. एका नोडमध्ये जरी जुन्या डिस्क राहिल्या तरी प्रत्येक राइट त्यांच्यासाठीच थांबणार. तिसरा नोड बदलेपर्यंत आकडा फारसा हलणार नाही, याची मनाची तयारी ठेवा.

खरेदी करताना डेटाशीटमध्ये पीएलपी स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा. काही साध्या डिस्कवर त्याच्यासारखे शब्द असतात, पण ते फक्त आधी लिहून झालेल्या डेटाच्या बचावाबद्दल असतात. प्रवासात असलेल्या डेटाचं संरक्षण त्यात नसतं. शंका असेल तर फोटोत कपॅसिटरची रांग शोधा. एम-डॉट-टू प्रकारात पीएलपीच्या बऱ्याच डिस्क 110 मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे 22110 मापाच्या असतात. तुमच्या बोर्डावर फक्त 2280 चा स्लॉट असेल तर ती बसणार नाही. ऑर्डर देण्याआधी झाकण उघडून पट्टीने मोजा.

प्रश्न : जंबो फ्रेम, म्हणजे एमटीयू (नेटवर्कच्या पाकिटाचं कमाल माप) 9000 बाइट, लावल्याने छोटे राइट्स वाढतील का? (वाचक, सोलापूर)

नाही. 4 केबीच्या राइटला तीन पाकिटांऐवजी एक लागेल, यातून वाचतात ते मायक्रोसेकंद. जंबोचा फायदा मोठ्या फाइली आणि रिकव्हरीला (बिघाडानंतर प्रती पुन्हा बनवण्याला) होतो. लावायचीच असेल तर स्विचच्या प्रत्येक पोर्टवर लावा. एक पोर्ट 1500 वर राहिला की ओएसडी डाउन-अप होत राहतात आणि कारण सापडता सापडत नाही. प्रत्येक नोडवरून दुसऱ्या प्रत्येक नोडला 8972 बाइटचा, तुकडे करायला मनाई असलेला पिंग पाठवून पाहा.

प्रश्न : आमच्या शाळासमूहाचा क्लस्टर हार्ड डिस्कवर आहे. 7200 आरपीएमच्या 8 टीबीच्या बारा डिस्क, तीन नोड. एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) लावली तर फरक पडेल असं सांगतात. किती मोठी घ्यावी? (वाचक, लातूर)

7200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेरे, एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, 4.2 मिलिसेकंद. मुंडी योग्य मार्गावर न्यायला आठेक मिलिसेकंद. म्हणजे एका विखुरलेल्या राइटला 12 मिलिसेकंद, आणि एका डिस्ककडून सेकंदाला सुमारे 80. बारा डिस्कचे 960. पण प्रत्येक राइट तीनदा होतो, म्हणून व्हीएमच्या वाट्याला 320. त्यातच ब्लूस्टोअर (सेफचा डिस्कवर लिहिणारा भाग) छोटा राइट आधी रॉक्सडीबी या आपल्या आतल्या डेटाबेसच्या लॉगमध्ये टिपतं आणि नंतर त्याच्या जागी नेऊन ठेवतं. दोन्ही एकाच फिरत्या डिस्कवर असतील तर मुंडी सतत इकडून तिकडे धावते आणि 320 चा आकडाही हाती लागत नाही.

हा डेटाबेस (डीबी) आणि लॉग पीएलपी असलेल्या एनव्हीएमईवर नेलेत की छोटा राइट तिथे टिपला जाताच ‘झालं’ मिळतं, हार्ड डिस्कवरचं काम मागाहून होतं. सकाळी हजेरी भरताना येणारी लाट यात छान निभावते. मात्र तासभर सलग राइट्स चालू राहिले तर शेवटी हार्ड डिस्कच्याच वेगावर यावं लागतं, कारण टिपलेलं सगळं तिथे पोचवायचंच असतं.

व्हीएमच्या वापरासाठी डीबीला डिस्कच्या 1 ते 2 टक्के जागा पुरते. 8 टीबीला 2 टक्के म्हणजे 160 जीबी, नोडमधल्या चार डिस्कसाठी 640 जीबी. एस-थ्री ऑब्जेक्ट साठा चालवणार असाल तर 4 टक्के धरा. जागा कमी पडली की ‘ब्लूएफएस स्पिलओव्हर’ असा इशारा येतो आणि डीबीचा काही भाग पुन्हा हार्ड डिस्कवर सांडतो. ती एनव्हीएमई गेली तर तिच्यावरचे चारही ओएसडी जातात, म्हणजे तुमचा अख्खा नोडच. तिच्या झिजेवर, डिस्क स्वतःची तब्येत सांगते त्या ‘स्मार्ट’ अहवालाच्या ‘पर्सेंटेज यूज्ड’ या आकड्यातून लक्ष ठेवा.

आणखी एक गोष्ट तपासा. क्लस्टर 2021 च्या ‘पॅसिफिक’ आवृत्तीआधी उभा केला असेल तर हार्ड डिस्कवर जागावाटपाचं सगळ्यात लहान माप 64 केबी असणार. 4 केबीचं ऑब्जेक्टसुद्धा प्रत्येक रेप्लिकावर 64 केबी अडवतं, तीन मिळून 192. पॅसिफिकपासून हे माप 4 केबी झालं, पण ते ओएसडी तयार होताना ठरतं. सॉफ्टवेअर अपग्रेड केल्याने जुने ओएसडी बदलत नाहीत. एकेक ओएसडी काढून नव्याने बनवावा लागतो. एनव्हीएमई जोडायच्या वेळी नाहीतरी ते करणारच असाल, तर दोन्ही कामं एकदम उरका.

प्रश्न : पीएलपीच्या एनव्हीएमई घेतल्या, 25 गिगाबिटही झालं. तरी एका धाग्याने (थ्रेडने) 4 केबीचे 900 आयऑप्सच मिळतात. डिस्क एकटी मोजली तर ती कितीतरी पट देते. कुठे चुकतंय? (वाचक, पिंपरी-चिंचवड)

900 म्हणजे राइटला 1.1 मिलिसेकंद. तुमची डिस्क त्यातले शंभराहून कमी मायक्रोसेकंदच घेते. बाकीचा वेळ सीपीयूचा आहे: पाकीट आलं, धागा जागा झाला, रांगेत लागला, पीजीचं कुलूप मिळालं, रॉक्सडीबीत नोंद झाली, पुढे पाठवलं. हे प्रायमरीवर होतं आणि रेप्लिकांवरही.

यात सर्वांत स्वस्त सुधारणा सीपीयूच्या झोपेत आहे. काम नसलं की कोअर गाढ झोपेत जातो आणि जागा व्हायला दहा-वीस ते शंभरावर मायक्रोसेकंद घेतो. एका धाग्याच्या चाचणीत दोन राइट्सच्या मध्ये प्रत्येक कोअरला डुलकी लागायला फुरसत मिळते, आणि एका राइटच्या वाटेवर अशा बऱ्याच डुलक्या येतात. ओळखायची खूण सोपी आहे. फिओ चालू असतानाच प्रत्येक नोडवर दोन-तीन कोअर कुठल्यातरी फुटकळ कामात गुंतवून पाहा. लोड वाढला असताना लेटन्सी (एका राइटला लागणारा वेळ) उलट उतरली, तर दोष झोपेचाच. सीपीयूपॉवरने गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ करा, आयडल-सेट वापरून गाढ झोपेच्या पायऱ्या बंद करा, बायोसमध्येही वीजबचतीचा प्रोफाइल काढा. हे तिन्ही नोडवर करा, आणि रीबूटनंतर टिकेल अशी सिस्टिमडी सर्व्हिस बनवा. विजेचं बिल आणि पंख्यांचा आवाज वाढेल, त्याला इलाज नाही.

नेमका वेळ कुठे जातो ते सेफ स्वतः सांगतं. ओएसडीला ‘डम्प हिस्टॉरिक ऑप्स’ विचारा. गेल्या 600 सेकंदांतले सर्वांत मंद 20 ऑप्स (मागण्या) तो प्रत्येक टप्प्याच्या घड्याळासह दाखवतो. एकेक ओळ वाचत जा. ‘क्यूड फॉर पीजी’ आणि ‘रीच्ड पीजी’ यांत मोठं अंतर असेल तर ओएसडीच्या रांगेत गर्दी आहे. ‘वेटिंग फॉर सबऑप्स’नंतर ‘ऑप कमिट’ उशिरा आलं तर प्रायमरीची स्वतःची डिस्क मंद. ‘ऑप कमिट’ पटकन आलं आणि ‘सब ऑप कमिट रेक’ रेंगाळलं तर रेप्लिका किंवा मधलं नेटवर्क. असे दहा-पंधरा ऑप्स पाहिल्यावर जर उशिरा येणारा ओएसडी क्रमांक दर वेळी तोच निघाला, समजा 7, तर ‘सेफ ओएसडी पर्फ’मध्ये 7 ची कमिट लेटन्सी शेजाऱ्यांशी ताडून पाहा. एक आजारी डिस्क अख्ख्या क्लस्टरला लंगडायला लावते, आणि स्मार्ट पुष्कळदा तिला निरोगीच म्हणत असतो.

हे सगळं केल्यावर एका धाग्याला 1000 ते 2000 मिळाले तर समाधान माना. सेफची ताकद एका धाग्यात नाही. हीच चाचणी आयोडेप्थ 32 आणि चार-पाच व्हीएमवरून एकदम करा, म्हणजे तुमच्या पैशाचं काय झालं ते दिसेल. राडोस बेंच ही सेफची स्वतःची चाचणी वापरणार असाल तर त्याचा मूळ आकार 4 एमबी आणि 16 धागे असतो. आकार 4096 आणि धागे 1 असं स्वतः सांगितलं नाहीत तर मोजाल भलतंच.

प्रश्न : वेगासाठी रेप्लिका दोन करून मिन-साइज (राइट स्वीकारायला किमान किती प्रती हजर हव्यात तो आकडा) 1 ठेवावी का? (वाचक, जळगाव)

अजिबात नको. रेप्लिकांना राइट एकाच वेळी जातात, त्यामुळे तिघांऐवजी दोघांची वाट पाहून वाचणारा वेळ थोडा असतो. मिन-साइज 1 असली की एक नोड रीबूटमध्ये असताना आलेले राइट्स एकाच डिस्कवर राहतात. तेवढ्यात ती डिस्क गेली तर ज्याला ‘झालं’ म्हटलं होतं तो डेटा कुठेच उरत नाही. तीन रेप्लिका आणि मिन-साइज 2 हेच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग आहे, पण चांगला यूपीएस आणि जनरेटरही आहे. मग व्हीएमच्या डिस्कला ‘राइटबॅक (अनसेफ)’ कॅश लावायला काय हरकत? (वाचक, बीड)

यूपीएस भिंतीतल्या विजेची जबाबदारी घेतो. कर्नल पॅनिक, जळालेलं पॉवर सप्लाय, खराब रॅम, चुकून दाबलेलं रीसेटचं बटण, यांपुढे त्याचा काही उपयोग नाही. ‘अनसेफ’मध्ये क्यूएमयू हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर व्हीएमच्या फ्लशकडे दुर्लक्ष करतं. होस्ट अचानक थांबला की फाइलसिस्टिम आणि डेटाबेस दोन्ही फाटू शकतात. नवीन व्हीएमवर ओएस बसवताना तासाभरासाठी ठीक, एरवी नाही.

साधं ‘राइटबॅक’ मात्र वेगळं आहे आणि वापरून पाहण्यासारखं आहे. आरबीडीची, म्हणजे व्हीएमच्या डिस्क सेफवर ठेवणाऱ्या भागाची, कॅश मूळ 32 एमबीची असते, ती व्हीएमचा फ्लश मानते आणि पहिला फ्लश येईपर्यंत थेटच लिहिते. लागोपाठ येणारे छोटे राइट्स ती एकत्र करून पाठवते. प्रत्येक कमिटला फ्लश करणाऱ्या डेटाबेसला त्याचा लाभ फार मिळत नाही, फाइल सर्व्हरला मिळतो.

प्रश्न : हार्डवेअरला पैसे नाहीत. पोस्टग्रेस आणि मारियाडीबी या डेटाबेसांत काही करता येईल? (वाचक, सांगली)

पुष्कळ, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच करायला हवी. 1000 नोंदी एकेक कमिट (पक्की) करून भरल्या आणि कमिटला 5 मिलिसेकंद लागले तर 5 सेकंद जातात. त्याच 1000 नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये भरल्या तर कमिटची वाट एकदाच. इम्पोर्टची स्क्रिप्ट उघडा, ऑटोकमिट बंद करा, 500 ते 1000 नोंदींनंतर कमिट करा. मधेच बिघाड झाला तर तो गठ्ठा पूर्ण परत फिरेल, म्हणून कुठवर आलो ते प्रत्येक कमिटसोबतच टिपून ठेवा.

पोस्टग्रेसमध्ये ‘सिंक्रोनस कमिट’ बंद करता येतं, तेही फक्त त्या सेशनपुरतं किंवा ट्रान्झॅक्शनपुरतं. सर्व्हर कोसळला तर शेवटच्या जास्तीत जास्त 600 मिलिसेकंदांतले कमिट जातील, पण डेटाबेस शाबूत राहील. भेटींच्या नोंदी, सेन्सरचे आकडे यांना हे चालतं. पैशांच्या पावत्यांना नाही. ‘एफसिंक’ नावाची सेटिंग मात्र कधीही बंद करू नका, त्यात डेटाबेसच बिघडतो. मारियाडीबीत ‘इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट’ 2 केलंत तर फ्लश सेकंदातून एकदा होतो, मशीन बंद पडल्यास सुमारे एका सेकंदाच्या नोंदी धोक्यात.

प्रश्न : एक नोड मुंबईत, एक पुण्यात, एक पुन्हा मुंबईत असा एकच क्लस्टर केला तर? (वाचक, ठाणे)

फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात. 150 किलोमीटरची जाऊन-येऊन फेरी 1.5 मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. व्हीएम मुंबईत आणि त्या पीजीचा प्रायमरी पुण्यात असला तर राइट मुंबईहून पुण्याला, तिथून मुंबईच्या रेप्लिकांकडे, परत पुण्याला आणि मग मुंबईला येतो. निव्वळ प्रवासातच 3 मिलिसेकंद. शिवाय मुंबईची जागा बंद पडली तर तीनपैकी दोन मॉनिटर (क्लस्टरची स्थिती बहुमताने ठरवणारे प्रोग्रॅम) जातात, बहुमत जातं आणि पुण्यातला नोड चालू असूनही काही करू शकत नाही.

क्लस्टर मुंबईतच ठेवा, पुण्यात दुसरा लहान क्लस्टर उभारा आणि आरबीडी मिररिंग (व्हीएमच्या डिस्कची प्रत दुसऱ्या क्लस्टरवर पाठवणं) स्नॅपशॉट पद्धतीने लावा. जर्नल पद्धतीत प्रत्येक राइट दोनदा होतो, छोट्या राइट्सना ते आणखी जड जातं. 5 मिनिटांचा अंतराल ठेवलात तर संकटात शेवटची 5 मिनिटं आणि तो स्नॅपशॉट पोचायला लागणारा वेळ, एवढा डेटा जाऊ शकतो. हा आकडा व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवा.

प्रश्न : सेफवरच्या व्हीएममध्ये कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) आहे. तिची स्थिती साठवणाऱ्या इटीसीडी या डेटाबेसचा लीडर सारखा बदलतो. (वाचक, बंगळुरू)

इटीसीडीला लॉगचा एफसिंक 100 पैकी 99 वेळा 10 मिलिसेकंदांच्या आत हवा असतो. सेफवर रिकव्हरी सुरू झाली की तो हुकतो आणि लीडर बदलतो. इटीसीडी स्वतःच तीन प्रती ठेवतो, त्यामुळे त्याच्याखाली सेफच्या आणखी तीन प्रतींची गरज नाही. तिन्ही कंट्रोल नोडच्या इटीसीडीची डिरेक्टरी त्या-त्या होस्टच्या स्थानिक पीएलपी डिस्कवर हलवा. एका वेळी एकच मेंबर हलवा, आणि तो पुन्हा निरोगी दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.